इंग्रजीतील फसवे शब्द : गल्लत कुठे होते, का होते?

सांताक्रूझ पूर्वेकडील वाकोला हे नाव रोमन लिपीत कसे लिहावे? पाट्यांवर आणि पत्त्यांमध्ये ते कधी 'व्ही' या अक्षराने सुरू होते, तर कधी 'डब्ल्यू'ने. मराठीत लिहिताना हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण आपल्याकडे 'व' एकच आहे. इंग्रजीत दोन अक्षरे आहेत, त्यांचे उच्चार दोन आहेत आणि त्यांनी सुरू होणारे शब्दही वेगळे आहेत. स्थळनामाच्या बाबतीत ही दुविधा निरुपद्रवी ठरते. परंतु अर्जात, मुलाखतीत, कर्जाच्या कागदपत्रांत किंवा घरभाड्याच्या करारात अशीच गल्लत झाली, तर अर्थाचा अनर्थ होण्यास वेळ लागत नाही.

मराठी माणसाचा इंग्रजीशी संबंध काही कालपरवाचा नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू केले, तेव्हा त्याच्या पानावर एका स्तंभात मराठी आणि दुसऱ्या स्तंभात इंग्रजी मजकूर असे. त्यापूर्वी एक वर्ष, १८३१ मध्ये मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला होता. पुढे तर्खडकरांच्या 'भाषांतर पाठमाले'वर मराठी विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या इंग्रजी शिकल्या. २००० सालापासून राज्यातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाऊ लागले. एवढी ओळख असूनही काही ठराविक शब्दांपाशी आपण पुन्हा पुन्हा अडखळतो. त्याचे कारण आळस किंवा बुद्धीची कमतरता हे नव्हे. बहुतेक चुकांचे मूळ मराठीत सापडते. जिथे मराठीत एक शब्द आहे आणि इंग्रजीत दोन, किंवा जिथे देवनागरीत दोन शब्द सारखेच दिसतात, नेमक्या तिथेच आपला पाय घसरतो. हे मूळ एकदा कळले, की पाठांतराचे ओझे पुष्कळ कमी होते. या लेखात अशा शब्दांची ओळख त्यांच्या कारणांनुसार करून घेऊ.

'व' आणि 'व्ह'

मराठी 'व'चा उच्चार इंग्रजी 'व्ही' आणि 'डब्ल्यू' यांच्या साधारण मधला आहे. 'व्ही' उच्चारताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. 'डब्ल्यू' उच्चारताना दातांचा संबंध येत नाही. शीळ घालताना करतो तसा ओठांचा चंबू करावा लागतो. 'व्हेस्ट' म्हणजे बनियन आणि 'वेस्ट' म्हणजे पश्चिम. 'व्हाइन' म्हणजे वेल आणि 'वाइन' म्हणजे द्राक्षांचे मद्य.

हा फरक दाखवण्यासाठी मराठी लेखनात 'व्ही'करिता 'व्ह' लिहिण्याची सोय रूढ झाली : व्हॅन, व्हिसा, व्होल्टेज. पण याच सोयीतून दुसरा घोटाळा निर्माण झाला. इंग्रजीत 'डब्ल्यू-एच' या जोडीने सुरू होणारे शब्दही आपण 'व्ह'नेच लिहितो : व्हाइट, व्हील, व्हेल मासा. या शब्दांचा आजचा प्रचलित उच्चार मात्र 'डब्ल्यू'चा, म्हणजे ओठ गोल करूनच होतो. परिणामी मराठी वाचक 'व्हॅन' आणि 'व्हाइट' एकाच तऱ्हेने उच्चारतो. म्हणून शब्दाचे देवनागरी रूप पाहून उच्चार ठरवू नये. मूळ स्पेलिंग आठवावे.

ऱ्हस्व आणि दीर्घ

मराठीत अकारान्त शब्दातील शेवटून दुसरे अक्षर, म्हणजे उपान्त्य इकार-उकार, दीर्घ लिहिण्याचा नियम आहे : वीट, फूल, मीठ, दूध. आपल्या कानांना आणि हातालाही तीच सवय लागलेली असते. त्यामुळे 'ट्रिप'ची सहज 'ट्रीप' होते आणि 'टिप'ची 'टीप'. इंग्रजीत मात्र या ऱ्हस्व-दीर्घावर अर्थ अवलंबून असतो. 'शिप' म्हणजे जहाज आणि 'शीप' म्हणजे मेंढी. 'फिल' म्हणजे भरणे आणि 'फील' म्हणजे वाटणे, जाणवणे. 'फुल' म्हणजे भरलेला आणि 'फूल' म्हणजे मूर्ख.

या गटातील सर्वांत महत्त्वाची जोडी म्हणजे 'लिव्ह' आणि 'लीव्ह'. ऱ्हस्व 'लिव्ह' म्हणजे राहणे, जगणे. दीर्घ 'लीव्ह' म्हणजे सोडून जाणे. पण नाम म्हणून 'लीव्ह'चे आणखी दोन अर्थ आहेत : रजा आणि परवानगी. मुंबईत भाड्याने घर घेणाऱ्या प्रत्येकाला ज्या करारावर सही करावी लागते, त्यातला शब्द हा दीर्घ 'लीव्ह' आहे. मराठीत तो सर्रास ऱ्हस्व लिहिला जातो आणि त्यामुळे 'राहण्याचा करार' असा समज होतो. स्पेलिंग ठाऊक असलेल्यांपैकी काहींना वाटते, की मुदत संपताच घर 'सोडायचे' असते म्हणून हे नाव पडले असावे. दोन्ही समज चुकीचे आहेत. इथे 'लीव्ह' म्हणजे परवानगी आणि 'लायसन्स' म्हणजेही परवानाच. गंमत अशी, की आपल्या 'रजा' या शब्दालाही सुटी आणि परवानगी असे दोन्ही अर्थ आहेत. 'आपली रजा घेतो' या जुन्या वाक्प्रचारात तो दुसरा अर्थ अजून शिल्लक आहे.

'भाडेकरू' म्हणजे नेमके कोण?

याच करारात आणखी एक जोडी दडलेली असते आणि तिच्यातली चूक व्याकरणापुरती राहत नाही. वाकोल्यासारख्या उपनगरात कुणी चाळीतील खोलीत दोन पिढ्या भाडे भरून राहत असतो, तर कुणी कालिन्याच्या विद्यानगरीत शिकायला आलेला विद्यार्थी असतो आणि त्याने अकरा महिन्यांसाठी फ्लॅट घेतलेला असतो. मराठीत आपण दोघांनाही 'भाडेकरू'च म्हणतो. इंग्रजीत, आणि कायद्यात, पहिला 'टेनंट' असू शकतो आणि दुसरा 'लायसन्सी'.

'टेनंट'ला त्या जागेत कायदेशीर हितसंबंध मिळतो. 'लायसन्सी'ला तसा हितसंबंध मिळत नाही. ठराविक मुदतीपुरती जागा वापरण्याची परवानगी तेवढी मिळते. 'लीज'ची व्याख्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात आहे, तर 'लायसन्स'ची व्याख्या त्याच वर्षीच्या सुविधाधिकार कायद्यात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. करार एक वर्षाहून कमी मुदतीचा असला, तरी ती टळत नाही. याच कायद्याच्या कलम २४ नुसार मुदत संपूनही 'लायसन्सी'ने जागा सोडली नाही, तर त्याला ठरलेल्या मोबदल्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. शिवाय लेखी करारात जे म्हटले असेल, तो त्या बाबीचा निर्णायक पुरावा मानला जातो. 'मी भाडे भरतो, म्हणजे मी भाडेकरू' हा युक्तिवाद मराठीत बिनतोड वाटतो. पण कागदावर कोणता इंग्रजी शब्द आहे, यावर सारे अवलंबून असते. म्हणून सही करण्यापूर्वी तो शब्द शोधून वाचावा. करार मराठीतही करता येतो आणि नोंदवता येतो, हेही विसरू नये.

देणारा आणि घेणारा

'लायसन्सी'च्या शेवटी जो 'ई' आहे, तो ओळखायला शिकले, की अशा कागदपत्रांतील पुष्कळ शब्द आपोआप उलगडतात. सर्वसाधारणपणे शब्दाच्या शेवटी 'ओ-आर' किंवा 'ई-आर' असेल, तर तो क्रिया करणारा. शेवटी 'ई-ई' असेल, तर ती क्रिया ज्याच्याबाबत होते किंवा ज्याला काही मिळते, तो. 'लायसन्सर' परवानगी देतो, म्हणजे घरमालक. 'लायसन्सी'ला ती मिळते. 'एम्प्लॉयर' कामावर ठेवतो, 'एम्प्लॉयी'ला ठेवले जाते. धनादेशावरील 'पेयी' म्हणजे ज्याला पैसे मिळायचे आहेत तो. 'नॉमिनी' म्हणजे ज्याचे नाव नामनिर्देशनात दिले आहे तो.

याच नियमाने एक चकवाही सुटतो. गृहकर्ज घेणाऱ्याला अनेकजण 'मॉर्गेजी' समजतात, कारण कर्ज त्याला 'मिळालेले' असते. पण 'मॉर्गेज' म्हणजे कर्ज नव्हे, गहाण. घर गहाण ठेवतो कर्जदार, म्हणून तो 'मॉर्गेजर'. ज्या बँकेकडे ते गहाण पडते, ती 'मॉर्गेजी'. या शब्दातील 'टी'चा उच्चार होत नाही, एवढे जाता जाता लक्षात ठेवावे.

कर्जाचा विषय निघालाच आहे, तर 'बॉरो' आणि 'लेंड' यांच्याकडे वळू. मराठीत आपण उसने घेतो आणि उसने देतो. 'उसने' हा शब्द तोच राहतो, केवळ घेणे-देणे बदलते. इंग्रजीत क्रियापदच बदलते. 'बॉरो' म्हणजे उसने घेणे, 'लेंड' म्हणजे उसने देणे. त्यामुळे 'कॅन यू बॉरो मी युवर पेन?' हे वाक्य चूक. एकतर 'कॅन यू लेंड मी युवर पेन?' असे विचारावे, किंवा 'कॅन आय बॉरो युवर पेन?' असे. समोरच्याने देण्याविषयी विचारायचे तेव्हा 'लेंड', आपण घेण्याविषयी विचारायचे तेव्हा 'बॉरो'. कर्जाच्या अर्जातील 'बॉरोअर' म्हणजे आपण आणि 'लेंडर' म्हणजे बँक.

परीक्षेच्या बाबतीत तर दोन भाषांची दिशाच उलटी आहे. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक ती घेतात. रूढ इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा 'टेक' करतो आणि शिक्षक ती 'गिव्ह' करतात. 'आय गेव्ह माय एग्झॅम इन मार्च' हे वाक्य आपल्याकडे सर्वांना समजते. परदेशी श्रोत्याला मात्र बोलणारा शिक्षक आहे की काय, असा प्रश्न पडू शकतो. तिथे 'आय टुक माय एग्झॅम' म्हणणे सुरक्षित.

एक मराठी क्रियापद, अनेक इंग्रजी क्रियापदे

राहणे : 'आपण कुठे राहता?' याचे भाषांतर मुंबईत हमखास 'व्हेअर डू यू स्टे?' असे होते. 'स्टे' म्हणजे तात्पुरता मुक्काम करणे. हॉटेलात, पाहुण्यांकडे, चार दिवस. कायमचे राहणे म्हणजे 'लिव्ह'. वाकोल्याचा रहिवासी 'आय लिव्ह इन वाकोला' म्हणेल. गावाहून भाचा आठ दिवसांसाठी आला असेल, तर तो 'आय अ‍ॅम स्टेइंग विथ माय अंकल' म्हणेल.

सांगणे आणि म्हणणे : 'त्याने मला सांगितले' आणि 'तो मला म्हणाला' या दोन्ही वाक्यांत 'मला' आहे. इंग्रजीत 'टेल'नंतर व्यक्ती लगेच येते : 'ही टोल्ड मी'. 'से'नंतर व्यक्ती आणायची असेल, तर मध्ये 'टू' लागतो : 'ही सेड टू मी'. 'ही टोल्ड टू मी' आणि 'ही सेड मी' ही दोन्ही रूपे चुकीची आहेत.

पाहणे : नजरेस पडते ते 'सी', मुद्दाम नजर वळवतो ते 'लुक अ‍ॅट' आणि हालचाल असलेली गोष्ट लक्ष देऊन पाहतो ते 'वॉच'. क्रिकेटचा सामना दूरचित्रवाणीवर 'वॉच' करतात, भिंतीवरचा नकाशा 'लुक अ‍ॅट' करतात आणि रस्त्यात अचानक मित्र 'सी' होतो. ऐकण्याचेही तसेच : कानावर पडते ते 'हिअर', लक्ष देऊन ऐकतो ते 'लिसन टू'. 'माझे ऐका' हे 'लिसन टू मी' असते. 'हिअर मी' नव्हे.

बंद करणे : दार, खिडकी, पुस्तक 'क्लोज' होते. दिवा, पंखा, नळ 'टर्न ऑफ' करतात. विजेवर चालणारी वस्तू 'स्विच ऑफ'ही करता येते. 'क्लोज द लाइट' हे थेट 'दिवा बंद कर'चे भाषांतर आहे आणि इंग्रजीत ते चालत नाही.

येणे : निरोप घेताना 'जातो' म्हणणे आपल्याकडे अशुभ मानले जाते, म्हणून आपण 'येतो' म्हणतो. ही रीत सुंदर आहे, पण ती भाषांतरात टिकत नाही. दाराबाहेर पडताना 'आय अ‍ॅम कमिंग' म्हटले, तर इंग्रज यजमान बुचकळ्यात पडेल. तिथे 'आय मस्ट गो नाउ' असेच म्हणावे लागते.

'पासून' आणि 'पर्यंत'

नोकरीच्या अर्जात सर्वाधिक आढळणारी चूक बहुधा हीच असावी : 'आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स टेन इयर्स'. मराठीत 'दहा वर्षांपासून' आणि '२०१५ पासून' या दोन्ही ठिकाणी 'पासून' चालते. इंग्रजी इथे फरक करते. सुरुवातीचा बिंदू सांगायचा असेल तर 'सिन्स' : सिन्स मंडे, सिन्स २०१५. मधल्या काळाची लांबी सांगायची असेल तर 'फॉर' : फॉर टेन इयर्स, फॉर थ्री डेज. शिवाय काम अजून चालू आहे हे सांगण्यासाठी 'हॅव बीन वर्किंग' असे रूप लागते. म्हणून शुद्ध वाक्य : 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टेन इयर्स'.

'पर्यंत'च्या पोटातही असेच दोन अर्थ आहेत. 'सोमवारपर्यंत अर्ज द्या' म्हणजे सोमवारी किंवा त्याआधी केव्हाही, एकदाच. इथे 'बाय मंडे'. 'सोमवारपर्यंत थांबा' म्हणजे तोवर सतत थांबून राहा. इथे 'टिल मंडे' किंवा 'अन्टिल मंडे'. कृती एकदाच घडून संपणारी असेल तर 'बाय', चालू राहणारी असेल तर 'टिल', ही खूण पुरेशी आहे. रजेच्या अर्जात शेवटचा दिवस धरायचा की नाही, हा वाद टाळण्यासाठी तारखा देऊन पुढे 'बोथ डेज इन्क्लुझिव्ह' असे लिहिण्याची आपल्या कार्यालयांतील पद्धत अतिशय योग्य आहे.

देवनागरीत एक, रोमनमध्ये दोन

काही जोड्यांचा उच्चार सारखाच असतो, तर काहींचा थोडा वेगळा असूनही देवनागरीत तो फरक लपतो. त्यांचे स्पेलिंगच लक्षात ठेवावे लागते.

प्रिन्सिपल : शेवटी 'पी-ए-एल' असेल, तर मुख्य, प्राचार्य किंवा कर्जाची मुद्दल. शेवटी 'पी-एल-ई' असेल, तर तत्त्व. कर्जफेडीच्या तक्त्यातील रकाना मुद्दलीचा, म्हणून तिथे 'पी-ए-एल'.

स्टेशनरी : शेवटी 'ई-आर-वाय' असेल, तर लेखनसाहित्य. शेवटी 'ए-आर-वाय' असेल, तर जागच्या जागी स्थिर असलेले. 'एन्व्हलप' म्हणजे पाकीट. ते 'ई'ने सुरू होते आणि लेखनसाहित्यात मोडते, एवढे आठवले की चूक होत नाही.

अ‍ॅडव्हाइस आणि अ‍ॅडव्हाइज : 'सी'चा शब्द नाम, म्हणजे सल्ला, आणि त्याचा शेवट 'स'सारखा होतो. 'एस'चा शब्द क्रियापद, म्हणजे सल्ला देणे, आणि त्याचा शेवट 'झ'सारखा होतो. 'अ‍ॅडव्हाइस'चे अनेकवचन होत नाही. दोन सल्ले म्हणजे 'टू पीसेस ऑफ अ‍ॅडव्हाइस'. ब्रिटिश लेखनपद्धतीत हाच 'सी' आणि 'एस'चा नियम 'लायसन्स' आणि 'प्रॅक्टिस' यांनाही लागू आहे, मात्र त्यांचा उच्चार बदलत नाही. वाहनाचा परवाना 'सी'ने, परवाना देण्याची क्रिया 'एस'ने. अमेरिकेत 'लायसन्स' दोन्ही अर्थी 'एस'नेच लिहितात, त्यामुळे संगणकावरील शुद्धलेखन तपासनीस कधी कधी आपल्याला उगाच चुकीचे ठरवतो.

अफेक्ट आणि इफेक्ट : 'ए'चा शब्द बहुधा क्रियापद, म्हणजे परिणाम करणे. 'ई'चा शब्द बहुधा नाम, म्हणजे परिणाम. 'द रेन अफेक्टेड द ट्रेन्स' म्हणजे पावसाने गाड्यांवर परिणाम झाला. 'द इफेक्ट ऑफ द रेन' म्हणजे पावसाचा परिणाम. 'ई'चा शब्द क्रियापद म्हणून आला, तर अर्थ 'घडवून आणणे' असा होतो, पण तो वापर विरळा.

लूज : एक 'ओ' असेल, तर हरवणे किंवा हरणे, आणि शेवट 'झ'चा. दोन 'ओ' असतील, तर सैल, आणि शेवट 'स'चा. पत्रात 'आय डोन्ट वॉन्ट टू लूज धिस अपॉर्च्युनिटी' लिहिताना एकच 'ओ' हवा. दोन घातले, तर संधी 'सैल करण्याची' भाषा होते.

अ‍ॅक्सेप्ट आणि एक्सेप्ट : पहिला म्हणजे स्वीकारणे, दुसरा म्हणजे वगळून. अटी मान्य असल्याचे लिहिताना ही चूक झाली, तर अर्थ जवळपास उलटा होतो.

काँप्लिमेंट : मध्ये 'आय' असेल, तर प्रशंसा. मध्ये 'ई' असेल, तर पूरक गोष्ट. 'विथ बेस्ट काँप्लिमेंट्स' लिहिताना 'आय' हवा.

शेपटीने होणारा बदल

क्रियाविशेषण करण्यासाठी शेवटी 'ली' लावावे, हा नियम शाळेत शिकवतात. पण काही शब्दांत 'ली' लागताच अर्थच पालटतो. 'हार्ड' म्हणजे कठीण, तसेच कष्टाने. 'हार्डली' म्हणजे जेमतेम, जवळजवळ नाहीच. मुलाखतीत एखादा मेहनती तरुण आत्मविश्वासाने 'आय वर्क हार्डली' म्हणतो, तेव्हा 'मी फारसे काम करीत नाही' अशी कबुलीच तो देऊन बसतो. त्याला म्हणायचे असते 'आय वर्क हार्ड'. तसेच 'लेट' म्हणजे उशिरा, 'लेटली' म्हणजे अलीकडे. 'निअर' म्हणजे जवळ, 'निअरली' म्हणजे जवळजवळ.

मुलाखतीतील दुसरी शेपटी म्हणजे 'आय-एन-जी' आणि 'ई-डी'. 'आय अ‍ॅम इंटरेस्टिंग इन धिस जॉब' असे म्हटले, तर 'मी रंजक आहे' असा अर्थ होतो. भावना ज्याच्या मनात असते, तो 'इंटरेस्टेड'. ती जी गोष्ट निर्माण करते, ती 'इंटरेस्टिंग'. मराठीत 'कंटाळलेला' आणि 'कंटाळवाणा' हा भेद आपण अचूक पाळतो. 'बोअर्ड' म्हणजे कंटाळलेला आणि 'बोअरिंग' म्हणजे कंटाळवाणा, एवढे ध्यानात ठेवले तरी भागते.

'थोडे' या शब्दाचीही एक गंमत आहे. 'फ्यू' आणि 'अ फ्यू' यांत केवळ एका 'अ'चा फरक आहे. 'अ फ्यू फ्रेंड्स' म्हणजे थोडे का होईना, पण मित्र आहेत. 'फ्यू फ्रेंड्स' म्हणजे मित्र फारसे नाहीतच. मोजता न येणाऱ्या गोष्टींसाठी हाच फरक 'लिटल' आणि 'अ लिटल' यांत आहे. पहिल्यात नकार ऐकू येतो, दुसऱ्यात होकार.

जिथे मराठीच अधिक बारकाईची

इंग्रजीच नेहमी सूक्ष्म भेद करते, असा मात्र समज होऊ देऊ नये. चुलत, आते, मामे, मावस ही चार नाती इंग्रजी एका 'कझिन'मध्ये कोंबते आणि त्यात भाऊ की बहीण हेही सांगत नाही. म्हणूनच आपण 'कझिन ब्रदर' आणि 'कझिन सिस्टर' असे शब्द घडवले. बाहेरच्या इंग्रजीत ते चालत नाहीत, पण ते घडवण्यामागची गरज खरी आहे. काका, मामा आणि मावशीचे यजमान हे सारे 'अंकल' झाले, तेव्हा नुकसान इंग्रजीचेच झाले.

भारतीय इंग्रजीतील सगळ्याच प्रयोगांना चुका म्हणणे योग्य नाही. एखादी सभा ठरलेल्या वेळेआधी घेणे या अर्थी 'प्रीपोन' हा शब्द आपल्याकडे रुळला आणि आता इंग्रजी शब्दकोशांनीही तो नोंदवला आहे. मात्र श्रोता कोण, हे पाहून शब्द निवडावा. पदवी मिळाली या अर्थी 'आय पास्ड आउट इन २०१८' असे परदेशातील कंपनीला लिहिले, तर तिथे त्याचा अर्थ शुद्ध हरपली असा घेतला जाऊ शकतो. 'आय ग्रॅज्युएटेड इन २०१८' असे लिहावे. 'प्लीज रिव्हर्ट' आपल्या कार्यालयांत उत्तराची विनंती म्हणून सर्वांना कळते; पण 'रिव्हर्ट'चा मूळ अर्थ पूर्वस्थितीला परत जाणे असा आहे. 'प्लीज रिप्लाय' हे अधिक सोपे आणि कुठेही चालणारे.

काय करावे?

पहिली गोष्ट म्हणजे सुटे शब्द पाठ करू नयेत. 'बॉरो म्हणजे उसने घेणे' यापेक्षा 'आय बॉरोड अ बुक फ्रॉम हिम' हे पूर्ण वाक्य लक्षात ठेवावे. त्यात 'फ्रॉम'ही आपोआप येतो. दुसरी, स्वतःच्या चुकांची एक छोटी वही ठेवावी. प्रत्येकाच्या चुका ठराविक असतात आणि त्या दहा-पंधरापेक्षा फारशा जास्त नसतात. तिसरी, नुसता इंग्रजी-मराठी कोश न पाहता इंग्रजी-इंग्रजी कोशातील उदाहरणेही वाचावीत, कारण मराठी अर्थ अनेकदा दोन शब्दांना एकच दिलेला असतो. चौथी, संगणकाच्या तपासणीवर पूर्ण विसंबू नये. दोन शब्दांपैकी दोन्ही शुद्धच असतील, तर आपल्याला कोणता अभिप्रेत होता, हे यंत्र दर वेळी ओळखेलच असे नाही. आणि शेवटची, महत्त्वाच्या कागदावर जो शब्द समजत नाही, त्याचा अर्थ सही करण्यापूर्वी विचारावा. असे विचारण्यात कमीपणा नाही. न विचारता सही करण्यात धोका आहे.

वाकोल्याचे नाव 'व्ही'ने लिहिले काय किंवा 'डब्ल्यू'ने लिहिले काय, खाली ४०००५५ हा पिन कोड असला, की पत्र सांताक्रूझ पूर्वेलाच पोहोचते. 'टेनंट' आणि 'लायसन्सी', 'बाय' आणि 'टिल', 'हार्ड' आणि 'हार्डली' यांना असा पिन कोड नसतो. तिथे आपण लिहिलेला शब्दच काय तो पत्ता.